उपवासकाळात पृथ्वीची राखण: काय करायचं, कसं करायचं

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात (लेंटमध्ये) पर्यावरणासाठी काही करायचं ठरलं की वीस गोष्टींची यादी होते आणि दुसऱ्या आठवड्यात ती बारगळते. त्यापेक्षा दोनच गोष्टी धरा: एक ताटातली, एक कचऱ्याची किंवा पाण्याची. राखेच्या बुधवारपासून (कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात, रविवार वगळले की ४०. दोन सवयी अंगवळणी पाडायला तेवढे पुरतात.

सुरुवात मोजण्यापासून. राखेच्या बुधवारआधीच्या आठवड्यात रोज रात्री ओला कचरा वजन करून लिहून ठेवा. उरलेलं शिजवलेलं अन्न आणि साली-देठं वेगवेगळी मोजा, कारण साली निघणारच, वाया जाणारं अन्न मात्र टाळता येतं. पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचं रीडिंग एकाच वारी, एकाच वेळी घ्या. हे आकडे नसले तर शेवटी ‘बरंच वाचवलं’ एवढंच समाधान उरतं.

ताट

कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी उपवासाचे दिवस: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. मांसवर्ज्य शुक्रवार चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे. इतर ख्रिस्ती पंथांत रीत निराळी असते. नियमाचं अक्षर पाळून शुक्रवारी माशांचा मोठा बेत करणं सोपं आहे, पण त्यात त्याग कुठला? डाळी-कडधान्यांवर या. माणशी ६० ते ७० ग्रॅम कोरडं कडधान्य पुरतं. छोले-राजमा आठ ते दहा तास भिजवा, ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवा. राजमा कच्चट राहिला तर पोट बिघडतं, तेव्हा तो पूर्ण मऊ व्हायलाच हवा. घाईत हीच चूक होते आणि मग घरचे कडधान्याला नावं ठेवतात.

हजारोंना जेवू घातल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितलं, काही वाया जाऊ नये म्हणून. घरात त्यासाठी आठवड्यातला एक वार ‘उरल्यासुरल्याचा’ ठेवा. त्या दिवशी नवीन भाजी आणायची नाही.

आणखी एक. उपवास सगळ्यांचा आणि कष्ट एकटीचे, असं होऊ देऊ नका. जो स्वयंपाक करतो त्याच्याकडेच कचरा वेगळा करणं, बादली ढवळणं, वजन लिहिणं आलं तर दहाव्या दिवशी सगळं थांबतं. कामं आधीच वाटून घ्या.

मांस, बाहेरचं खाणं, पाकीटबंद खाऊ यांतून वाचलेले पैसे दर शुक्रवारी मोजून बाजूला काढा. ‘शेवटी एकदम देऊ’ म्हटलं की ते घरखर्चात जिरतात. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, ५८व्या अध्यायात, देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटणं, असं सांगितलं आहे. बचत गरजूपर्यंत पोहोचली नाही तर ती फक्त काटकसर. कुणाला द्यायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

खताची बादली

झाकणाची २० लिटरची बादली घ्या. तळाला आठ-दहा आणि बाजूंना दोन ओळींत ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडा. खाली दोन विटा आणि पाणी झेलायला ताटली. तळाशी पाच सेंटिमीटर सुक्या पानांचा थर द्या. मग रोज एक माप ओला कचरा, त्यावर दोन मापं सुका: पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे करा. विरजण म्हणून मूठभर बागेतली माती टाका. दर तीन-चार दिवसांनी तळापर्यंत ढवळा. मूठभर माल पिळला तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त ओलं, थेंबही नाही तर कोरडं.

कुजका वास आला म्हणजे आत हवा नाही: सुका माल वाढवा, ढवळा. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या तर वरचा ओला कचरा उघडा राहिलाय. त्यावर सुक्याचा जाड थर द्या. मांस, मासे, तेलकट अन्न सुरुवातीला टाकूच नका. राखही चिमूटभरच, जास्त झाली की माल अल्कधर्मी होतो आणि खतातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला झोंबतं ते तेच.

ईस्टरपर्यंत पक्कं खत तयार होत नाही. बादली भरली की झाकून मुरत ठेवा आणि दुसरी सुरू करा. पहिली साधारण पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) सुमारास तयार होते: गडद, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास. कच्चं खत कुंडीत घातलं तर मुळं जळतात. तयार झाल्यावर एक भाग खत, तीन भाग माती.

पाणी आणि वीज

गळक्या नळाखाली तासभर मापाचं भांडं ठेवा आणि आलेल्या पाण्याला २४ ने गुणा. आकडा पाहिल्यावर वॉशर बदलायला वेळ मिळतो. फ्लशच्या टाकीत पाणी भरून घट्ट बंद केलेली अर्ध्या लिटरची बाटली ठेवली की प्रत्येक वेळी तेवढं पाणी वाचतं. वीट ठेवू नका, ती झिजते आणि चुरा झडपेत अडकतो.

विजेबद्दल एवढंच: दिवे मालवून प्रार्थना करायची तर दहा मेणबत्त्या पेटवू नका. साधं मेण पेट्रोलियमचंच असतं. एक पुरे.

झावळ्या, राख आणि वेदी

इथे चर्चच्या समितीने आधीपासून लक्ष घालायला हवं. झावळ्यांच्या रविवारसाठी (ईस्टरच्या आधीचा रविवार, त्या दिवशी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करून वाटतात) बाहेरची, जुनी पानंच कापा. ताडवर्गातल्या बऱ्याच झाडांना वाढीचा कोंब एकच असतो. तो छाटला की झाड मेलं. प्लास्टिकचं वेष्टन आणि रिबिनी नकोत.

कपाळाला लावायची राख करण्यासाठी गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या राखेच्या बुधवारआधी दोन आठवडे गोळा करा. त्यांत अडकलेले धागे, टाचण्या, प्लास्टिक काढा. पूर्ण वाळवून, उघड्यावर, धातूच्या भांड्यात जाळा. थंड झाल्यावर कुटा, बारीक चाळणीने चाळा. कपाळाला लावायची राख पाण्यात कालवू नका: राख आणि पाणी मिळून दाहक द्रावण होतं आणि त्वचा भाजू शकते. कोरडीच वापरा, नाहीतर तेलाचे दोन-चार थेंब घाला. उरलेली राख कचऱ्यात न टाकता मातीत पुरा.

कॅथलिक रीतीत उपवासकाळात वेदीवर फुलांची सजावट नसतेच, चौथा रविवार आणि सण वगळता. खर्च वाचतो, कचराही. ईस्टरला मात्र फुलं खोचायचा हिरवा स्पंज हटकून येतो. तो प्लास्टिकचाच, कुजत नाही, त्याचा चुरा पाण्यात जातो. त्याऐवजी रुंद भांड्यात तारेच्या जाळीचा गोळा करून बसवा, पाणी भरा आणि त्यात देठं खोचा. जाळी पुढच्या वर्षी पुन्हा चालते. येशूच्या कबरीचा देखावा थर्माकोलचा करण्याऐवजी दगड, माती आणि कुंड्यांतली झाडं मांडा. सण झाला की कुंड्या घरोघरी वाटता येतात.