युद्धानंतरचं लष्करी धोरण अभ्यासायचंय? मग आधी अंदाजपत्रक उघडा

मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करताना मी प्रबंधाला १९६२ च्या चीन युद्धानंतरचं भारताचं संरक्षण नियोजन हा विषय घेतला. कलिन्याच्या कँटीनमध्ये लगेच विचारणा झाली, "मग पुण्याला का नाही गेलास?" रास्तच होतं, संरक्षणशास्त्राचा वेगळा विभाग तिथे आहे. पण हा विषय मुंबईत बसूनही होतो. यंदा कुणी त्याला हात घालणार असेल तर त्यांच्यासाठी हे चार शब्द.

नवीन मुलं सेला, वालाँग, रेझांग ला या त्या युद्धातल्या लढायांतच रमतात. लढाया वाचाच, पण धोरण तिथे सापडत नाही. ते सापडतं पैसा, माणसं आणि वेळ यांचा मेळ बसत नाही तिथे. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ८६७ कोटी रुपये दिले, आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून जास्त. हा पैसा आणायचा कुठून? अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी कर वाढवले, सक्तीची बचत ठेव आणली. त्याआधी जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रण आलं होतं, १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. झवेरी बाजारातल्या कारागिरांचे हात रिकामे झाले. चीन सीमेवर तवांगला जे घडलं त्याचा हिशेब काळबादेवीत चुकता होत होता, हे लक्षात आलं आणि मला माझा विषय खऱ्या अर्थाने कळला.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे आपण सगळे शाळेपासून ऐकतो. त्यापुढचं कंटाळवाणं काम फारसं कुणी वाचत नाही. १९६४ ते १९६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना म्हणजे सुमारे ५,००० कोटी रुपये, सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाची ४५ स्क्वॉड्रन्स, डोंगरात लढणाऱ्या डिव्हिजन्स. आकडे पाठ करू नका. प्रत्येकासमोर लिहा, हे उभं राहायला किती काळ लागेल? जवान वर्षभरात तयार होतो. जहाजाचं तसं नसतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली युद्धनौका 'निलगिरी' १९६८ ला पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल व्हायला १९७२ उजाडलं. तोवर, योजना चालू असतानाच, १९६५ चं युद्ध होऊन गेलं, अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवला. योजना पाच वर्षांची, शत्रू मात्र तिच्या वेळापत्रकाने येत नाही.

माणसांचं प्रकरण तर याहून गुंतागुंतीचं. अधिकारी कमी पडत होते म्हणून तातडीचं कमिशन देऊन भराभर तरुण घेतले आणि काही वर्षांनी त्यातल्या बऱ्याच जणांना मोकळं केलं. दादरला एका निवृत्त काकांनी मला आपली फाइल दाखवली होती. कमिशनचा कागद आणि सेवामुक्तीचा कागद एकाच टाचणीत, टाचणीला गंज. "बोलावलं तेव्हा तार आली, सोडलं तेव्हा साधं पाकीट," ते म्हणाले. वरून चहाही पाजला. अशी माणसं गाठा. फक्त जाताना तारखा तपासून जा, कारण इतक्या वर्षांनी आठवणी सरमिसळ होतात.

साधनांबद्दल थोडक्यात. लोकसभेतल्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या मिळतात. जुनी पुस्तकं हवी असतील तर फोर्टमधली एशियाटिक. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स अहवालाच्या मागे मात्र लागू नका. तो सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच. त्यापेक्षा त्या चौकशीबद्दलचं चव्हाणांचं २ सप्टेंबर १९६३ चं लोकसभेतलं निवेदन ओळ न ओळ वाचा. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकूम देण्याची यंत्रणा, जवानांची शारीरिक क्षमता, सेनानींची कुवत, सगळं त्यात आहे. काय सांगायचं टाळलं तेही दिसतं.

आता पोटापाण्याचं. या विषयातल्या संशोधनाच्या नोकऱ्या मुख्यतः दिल्लीत. तिथली संरक्षण अध्ययन संस्था, आता मनोहर पर्रीकरांच्या नावाची, १९६५ मध्ये याच धडपडीतून उभी राहिली. मुंबईत 'गेटवे हाउस'सारखी मोजकी ठिकाणं. कुठेही अर्ज करताना लेखनाचा नमुना मागतात. तेव्हा लढाईवरचं प्रकरण पाठवू नका, खर्चाचं पाठवा.