वेब डिझाइनचं प्रॅक्टिकल घ्यायचंय? आधी हे बघा

टाइमटेबल हातात पडलं की आपण आधी अभ्यासक्रम उघडतो. तो नंतर उघडा. विद्यार्थ्यांची पानं सर्व्हरवर कुठे चढणार, ते आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. सेमिस्टरभर सगळ्यांनी लॅबच्या पीसीवर पानं केली, तिथेच उघडून दाखवली, मी जर्नलवर सह्या केल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईघाईने सगळं गिटहबवर, म्हणजे पानं इंटरनेटवर ठेवता येतात त्या साइटवर, चढवलं. बाह्य परीक्षकांनी पहिली लिंक उघडली, तर फोटोच्या जागी फुटकी चौकट. दुसरी उघडली, तेच. "मॅडम, लॅबमध्ये तर दिसत होतं!" दिवसभर हेच ऐकलं.

दिसणारच लॅबमध्ये. निम्म्यांनी फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून दिलेला, म्हणजे तो फोटो फक्त त्याच पीसीवर सापडणार. उरलेल्यांचा घोटाळा कॅपिटल अक्षरांचा. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच. गिटहबवर मात्र ती दोन वेगळी नावं. डिजिटल कॅमेऱ्यातल्या फोटोच्या नावाच्या शेवटचं 'जेपीजी' बहुधा कॅपिटलमध्ये असतं, आणि मुलं कोडमध्ये स्मॉल लिहितात. म्हणून पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा: फाइलचं नाव सगळं स्मॉलमध्ये, मध्ये स्पेस नाही, फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये. आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक प्रॅक्टिकल सर्व्हरवर चढवून मोबाइलवर उघडून दाखवल्याशिवाय सही नाही. लॅबच्या पीसीवर दाखवलेलं धरायचं नाही. कितीही गयावया केली तरी नाही.

पीसी, इंटरनेट, प्रोजेक्टर हे सांगायला नको. विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेंशन दिसेल अशी सेटिंग मात्र प्रत्येक पीसीवर करून घ्या, नाहीतर नोटपॅड 'एचटीएमएल'च्या शेपटीला 'टीएक्सटी' चिकटवून ठेवतं आणि पोरगं तासभर कोड तपासत बसतं. व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) टाकायचा तर ॲडमिन पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो. ते रजेवर जायच्या आत गाठा.

गिटहबची खाती घरून काढून यायला सांगा. तासात काढायला बसलात तर अर्धा तास ओटीपी आणि विसरलेले ईमेल पासवर्ड यातच जातो. खात्याचं नाव साइटच्या पत्त्यात येतं, हे आधीच बजावा. इन्स्टाग्रामवरची टोपणनावं परीक्षकांसमोर वाचायची वेळ माझ्यावर आली आहे. मुखपृष्ठाचं नाव 'इंडेक्स', आणि तेही स्मॉलमध्ये. हो, पुन्हा तेच. 'आय' कॅपिटल पडला की 'सापडत नाही' असं पान येतं आणि मुलं म्हणतात सर्व्हर बंद आहे. चढवल्यावर पान दिसायला कधी कधी दहा मिनिटंही लागतात, तेवढा धीर धरायला शिकवा.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर जुन्या नोट्स झटका. फॉन्ट, सेंटर, मार्की (सरकती अक्षरं) हे टॅग एचटीएमएल ५ मध्ये बाद झाले, आणि ते प्रमाण २०१४ चं आहे. पेपरात विचारतील ही भीती असेल तर एका लेक्चरमध्ये उरका. मार्की मुलांना फार आवडतो, पण हात आखडता घ्या. मराठी पान करणाऱ्यांना यूटीएफ-८ ची ओळ पहिल्या दिवसापासून, म्हणजे ब्राउझरला देवनागरी अक्षरं नीट वाचता येतात. गणेश मंडळाची नाहीतर ग्रामपंचायतीची साइट करणारे दोघं-तिघं असतातच, आणि ते छापखान्यातून जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर उचलून आणतात. त्याची पानावर बाराखडी नाही, रांगोळी होते. तो युनिकोडमध्ये बदलायला किंवा सरळ पुन्हा टाइप करायला लावा.

फोटो चार-पाच एमबीचे नकोत. आयफोनचे फोटो बहुधा वेगळ्या प्रकारात असतात, त्या मुलांनी ते जेपीजी करून आणावेत. पान मोबाइलच्या रुंदीत बसावं म्हणून व्ह्यूपोर्टची ओळ प्रत्येक पानात हवी.

शेवटचे दोन आठवडे: सगळ्या लिंक रोल नंबरप्रमाणे एका शीटमध्ये, परीक्षेच्या आठ दिवस आधी प्रत्येक लिंक स्वतःच्या मोबाइलवर, कॉलेजचं वायफाय बंद करून. तोंडीचे प्रश्न, गुणांचा तक्ता, सह्या, नेहमीचंच.

नेट गेलं तर म्हणून सगळ्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या. पण त्यावर बघून 'चालतंय' म्हणू नका. तो विंडोजलाच लावलेला असतो, तिथे कॅपिटल खपून जातं.