भूगोलाची क्षेत्रभेट, नकाशे आणि मॉडेल : या चुका टाळा

माध्यमिकच्या मुलांना भूगोल शिकवणाऱ्यांच्या त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतोय. यातल्या बहुतेक चुका मुलांच्या नाहीत, आपल्या आहेत. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या मागे घाई आहे: आदल्या रात्री नकाशाची प्रिंट काढायची, जागा आधी न बघता मुलांना घेऊन निघायचं, परत आल्यावर आकडे कसेतरी तक्त्यात बसवायचे. नवीन शिक्षकांना सगळ्यात आधी ॲप कुठलं वापरू हे विचारायचं असतं. ॲप नंतर बघू, आधी पट्टी हातात घ्या.

झेरॉक्स लहान-मोठी केली आणि प्रमाण तेच ठेवलं

ही पहिली घेतोय कारण हिच्यामुळे मुलं अंधारात डोंगरावर राहिलेली मी बघितलीयेत. एका शाळेच्या गटाबरोबर मदतीला गेलो होतो. तिथल्या सरांनी स्थलनिर्देशक नकाशाचा (ज्यात उंची, वाटा, ओढे सगळं तपशिलात दाखवलेलं असतं) ए-थ्री आकाराचा भाग ए-फोरवर उतरवून प्रत्येक मुलाला एकेक प्रत दिली होती, कल्पना चांगलीच होती, पण खाली छापलेलं १:५०,००० हे प्रमाण, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर, तसंच राहिलं. मुलांनी वर्गात पट्टीने वाट मोजली, आठ सेंटीमीटर आली, म्हणजे चार किलोमीटर, जाऊन येऊन आठ. दुपारचं जेवण करून निघालो तरी उजेड असताना परत येऊ असा हिशोब होता.

आता खरा हिशोब बघा. ए-थ्रीवरून ए-फोर केलं की प्रत्येक लांबी साधारण ७१ टक्के उरते. म्हणजे त्या प्रतीचं प्रमाण १:५०,००० नव्हतंच, १:७०,००० च्या थोडं पुढे होतं, आणि आठ सेंटीमीटर म्हणजे साडेपाच किलोमीटरहून जास्त. जाऊन येऊन अकराच्या वर, आणि त्यात पायवाटेची वळणं वेगळी, कारण नकाशावर पट्टी सरळ जाते आणि वाट जात नाही. मुलं जागोजागी थांबून उतार मोजत होती, रेखाचित्रं काढत होती. पाणी परतीच्या वाटेवर अर्ध्यातच संपलं, शेवटचा उतार मोबाईलच्या उजेडात उतरलो. कोणाला लागलं नाही, पण त्या सरांनी खाली आल्यावर मुलांनाच सुनावलं की तुम्ही हळू चालता. ते मला फार लागलं, कारण मुलांनी गणित बरोबर केलं होतं, त्यांच्या हातातला कागदच चुकीचा होता.

माझी सवय सांगतो. नकाशाची कुठलीही प्रत हातात आली की मी आधी रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा केलेली छापील पट्टी, शोधतो. नकाशा लहान-मोठा झाला की रेषाप्रमाणही त्याच्याबरोबर लहान-मोठं होतं म्हणून ते खरं राहतं, अंकप्रमाण, म्हणजे १:५०,००० असा आकडा, मात्र त्याच क्षणी खोटं पडतं. कापताना रेषाप्रमाणाची पट्टी कापून टाकणारे लोक बघितले की जीव खालीवर होतो. आणि नकाशावर एक किलोमीटरची ग्रिड असेल तर एका चौकोनाची बाजू मोजा, १:५०,००० ला ती दोन सेंटीमीटर भरली पाहिजे, १.४ भरली तर प्रत लहान केलेली आहे. दहा सेकंदाचं काम आहे. प्रोजेक्टरवर नकाशा दाखवून "हा १:५०,००० चा आहे" असं तर म्हणूच नका, भिंतीवर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. क्षेत्रफळ काढायला लावणार असाल तर आणखी सांभाळा, ए-फोरचा ए-थ्री केला की लांबी १.४१ पट होते पण क्षेत्रफळ दुप्पट होतं.

वेळेचा अंदाज काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. पण तो न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मुलांचा गट आणि वर मोजमाप असेल तर मी सरळ दुप्पट धरतो, आणि कोणी "एवढा वेळ कशाला" म्हटलं तरी कमी करत नाही. अर्थात हा सगळा हिशोब स्वतः आधी त्या वाटेने जाऊन आल्यावरच. पूर्वपाहणी न करता मुलांना नेणं मला मान्यच नाही, त्यावर चर्चा नको.

थर्माकोलचा डोंगर

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायला थर लावून डोंगर करतात, उत्तम साधन आहे, मुलांना रेषा आणि उंची यांचा संबंध हाताला कळतो. चूक अशी की उभं प्रमाण कोणी बघतच नाही. नकाशा १:५०,००० चा आणि दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर असेल तर खऱ्या प्रमाणात एक थर फक्त ०.४ मिलीमीटर जाड हवा, म्हणजे जाडसर कागद. आपण लावतो पाच मिलीमीटरचा थर्माकोल, म्हणजे डोंगर साडेबारा पट उंच झाला. मग साधी टेकडी भिंतीसारखी उभी दिसते आणि मूल प्रत्यक्ष टेकडीपाशी गेल्यावर विचारतं, हीच का ती?

उंची वाढवू नका असं नाही म्हणत मी, न वाढवता काही दिसणारच नाही. पण मॉडेलच्या कडेला मोठ्या अक्षरात लिहा, "उभी वाढ १२.५ पट". आणि हे गणित मुलांकडूनच करून घ्या, त्यातच खरा धडा आहे, थर कापण्यात नाही. गूगल अर्थमध्येही उंची वाढवून दाखवायची सोय आहे, कोणीतरी ती तीनवर ठेवून जातं आणि पुढचा वर्ग तेच खरं समजतो, तेव्हा सुरू करतानाच तपासा. तिथेच उपग्रहचित्राची तारीखही दिसते, ती वहीत लिहायला लावा, नाहीतर जुन्या चित्रावर आजची वस्ती मोजली जाते.

ओढ्यातली मोजमापं

यावर मी तासभर बोलू शकतो.

पहिलं म्हणजे एकक. एक गट खोली सेंटीमीटरमध्ये लिहितो, दुसरा मीटरमध्ये, तक्त्यावर कुठेच एकक नाही. समजा ओढा ३.२ मीटर रुंद, सरासरी खोली २५ सेंटीमीटर, वेग सेकंदाला ०.४ मीटर. विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, तर ०.३२ घनमीटर प्रति सेकंद यायला हवा. २५ चं ०.२५ केलं नाही तर उत्तर ३२ येतं. बत्तीस घनमीटर प्रति सेकंद म्हणजे चांगली मोठी नदी झाली, आणि त्या पाण्यात मुलं गुडघ्यापर्यंत उभी होती! तरी तो आकडा प्रकल्पात छापून येतो, कारण कोणी थांबून विचार करत नाही की हे शक्य आहे का. तक्ता छापतानाच प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक छापा, मुलांवर सोडू नका.

दुसरं, खोली एकाच ठिकाणी मोजणं. बरोबर मधोमध काठी बुडवली की झालं, असं नाही. टेप आडवी ताणून धरा, समान अंतरावर किमान पाच-सहा ठिकाणी खोली घ्या, आणि टेप पाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरा, काठावरच्या झुडपापासून नाही.

तिसरं, वेग. प्लास्टिकची रिकामी बाटली सोडतात, ती वाऱ्यानेच जाते. अर्धवट बुडून तरंगणारी वस्तू हवी, संत्रं छान चालतं. ठरलेलं अंतर, म्हणजे दहा मीटर वगैरे, टेपने आखून घ्या, मध्ये-डावीकडे-उजवीकडे असं वेगवेगळ्या रेषेत सोडा, प्रत्येक ठिकाणी निदान तीनदा, दगडात अडकली तर ती वेळ बाद. आणि हा पृष्ठभागाचा वेग आहे हे लक्षात ठेवा, तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी सावकाश जातं, म्हणून सरासरी वेगासाठी साधारण ०.८ ते ०.८५ ने गुणतात. वरच्या उदाहरणातला ०.४ जर पृष्ठभागाचा असेल तर ०.८५ घेऊन विसर्ग ०.२७ च्या आसपास येतो.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते. आकडे पुस्तकाप्रमाणे "दुरुस्त" करणं. एका वर्गाने एकाच ओढ्यावर तीन जागी मोजमाप घेतलं, वर, मध्ये आणि खाली. सरासरी वेग खालच्या जागी सगळ्यात जास्त आला. मॅडम म्हणाल्या, डोंगरात पाणी वेगाने वाहतं हे पुस्तकात दिलंय, तुमचं काहीतरी चुकलंय, वरचा आकडा वाढवा. एका मुलीने मुकाट्याने खोडरबर घेतलं. मी तिथे होतो, तिचा चेहरा लक्षात राहिलाय, कारण तिने तो वेग तीन-तीनदा मोजला होता आणि तो बरोबर होता.

लिओपोल्ड आणि मॅडॉक या नद्यांच्या अभ्यासकांनी १९५३ मध्ये अमेरिकेतल्या नद्यांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं होतं, की खाली जाताना सरासरी वेग बहुतेक वेळा थोडा वाढतोच. डोंगरात उतार जास्त असतो खरा, पण पात्र उथळ आणि मोठमोठ्या दगडांचं, पाण्याची बरीचशी ताकद घर्षणात आणि खळखळाटात जाते. खाली उतार कमी झाला तरी पात्र खोल होतं, तळ त्यामानाने गुळगुळीत होतो, पाणी जास्त आणि अडवणारा पृष्ठभाग त्या प्रमाणात कमी. पांढरा फेस दिसला की आपल्याला वेग वाटतो, तो बऱ्याचदा नुसता गोंधळ असतो. हे कारण वर्गात समजावलं असतं तर मुलं ते जन्मभर विसरली नसती.

उलटंही होतं, म्हणजे खाली वेग कमी येतो, कारण वर कुठे बंधारा असतो, कुठे डोह असतो, कुठे पात्र मुद्दाम रुंद केलेलं असतं. तेही तसंच लिहायचं आणि कारण शोधायचं. न जुळणारा आकडा हा क्षेत्रभेटीतला सगळ्यात कामाचा आकडा असतो. आधी मोजमाप परत घ्या, परत तेच आलं तर तो आकडा ठेवा. ज्या शिक्षकाला उत्तर आधीच ठरवायचंय त्याने मुलांना पाण्यात उतरवूच नये, वर्गात बसून फळ्यावर लिहावं.

सुरक्षेचं वेगळं सांगायला नको पण सांगतो: गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही, आणि आपल्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी वरच्या बाजूला पाऊस आहे का ते बघितल्याशिवाय अजिबात नाही.

बाकीच्या, पटापट

गाडीच्या बॉनेटवर होकायंत्र ठेवून दिशा घेऊ नका, लोखंड सुई ओढतं, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबकसुद्धा ओढतं. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसते, फरक नकाशाच्या कडेला दिलेला असतो, वाचा.

अक्षांश २०.३० आणि २०°३०′ एक नाहीत. २०.३० म्हणजे २०°१८′. बारा मिनिटांचा फरक, जमिनीवर २२ किलोमीटर. फोनमधून आकडा उतरवताना ही चूक इतक्यांदा होते की मी आता मुलांना अंशचिन्हाशिवाय अक्षांश लिहूच देत नाही.

फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, झाडीत आणखी वाईट. तीन मीटरच्या ओढ्याचा आडवा छेद जीपीएसने काढायचा प्रयत्न करू नका, टेप आहे ना.

पर्जन्यमापक भिंतीला चिकटून किंवा झाडाखाली नको, अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. तापमापक उन्हात धरला की तो हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतःचंच दाखवतो, सावलीत आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर हवा.

क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्याप्रमाणे जिल्हे फिकट-गडद रंगवतात त्या नकाशात, एकूण लोकसंख्या रंगवू नका, घनता रंगवा. मोठा जिल्हा नेहमीच गडद दिसेल नाहीतर.

भिंतीवरचा जगाचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा (ज्यात ध्रुवांकडचे प्रदेश खूप मोठे दिसतात) असेल तर आफ्रिकेचं आणि ग्रीनलंडचं क्षेत्रफळ एकदा तरी शेजारी लिहून दाखवा, आफ्रिका साधारण चौदा पट मोठी आहे. तो नकाशा १५६९ मध्ये जहाजांना दिशा धरता यावी म्हणून केला होता, देशांचे आकार तुलना करायला नाही. पृथ्वीगोल हाताशी ठेवा.

प्रश्नावली तीस प्रश्नांची करू नका, रस्त्यावरचा माणूस सहा-सात प्रश्नांनंतर काहीही सांगून निघून जातो. "इथे प्रदूषण वाढलंय असं तुम्हाला वाटतं ना?" हा प्रश्नच नाही, उत्तर आधीच तोंडात घातलंय. आणि सकाळी दहालाच विचारलं तर नोकरीवर जाणारे लोक भेटणारच नाहीत, मग निष्कर्ष "गावातल्या लोकांना" असा काढू नका. आधी पाच-सहा लोकांवर प्रश्नावली तपासून घ्या.

मैदानात पेन्सिलच. जेल पेनची वही पाण्यात पडली की दिवस गेला.

परत आल्यावर

आकडे आठवडाभर दप्तरात पडले की मेले, कोणाचं अक्षर कोणाला लागत नाही, कुठला कागद कुठल्या जागेचा ते कळत नाही. मी दुसऱ्या दिवशीचाच तास त्यासाठी राखून ठेवतो, बाकी धडा मागे पडला तरी चालेल. फेअर प्रत करताना मुलं "नीट दिसावं" म्हणून आकडे गोल करतात, म्हणून ओला, मळका मूळ कागद मी फेकू देत नाही, फेअर प्रतीच्या मागे पिन करून ठेवतो. त्याच फायलीत जागेचा फोटो, तारीख, आदल्या दिवशी पाऊस होता का, आणि टेप कुठून कुठे धरली होती त्याची खूण दाखवणारं चित्र असतं. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच दगडापासून त्याच दगडापर्यंत टेप धरतो, तेव्हाच पात्र रुंद झालंय की नाही हे सांगता येतं.