दोष पेडलचा नाही, हाताचा: रॉक गिटार वाजवताना या चुका टाळा

हवा तसा आवाज येत नाही म्हणून नवं पेडल (पायाने चालू करायचं, गिटारचा आवाज बदलणारं यंत्र) घ्यायला निघाला असाल, तर आधी पाच मिनिटं द्या. अँप क्लीन चॅनलवर, म्हणजे साफ, न फाटलेल्या आवाजावर टाका आणि तुमचा सगळ्यात आवडता रिफ, गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, वाजवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चार वर्षं वाजवत होतो, आणि माझाच रिफ मला ओळखू येईना. स्वर अर्धवट लागत होते, पिक (तार छेडायची पट्टी) उशिरा पडत होतं, बोट उचललं की चौथी तार मागे कुजबुजत राहत होती.

डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो मुद्दाम फाडलेला आवाज, यातलं बरंचसं झाकतं. हलका घाव आणि जोरकस घाव ते जवळपास एकाच पातळीवर आणतं, स्वर लांबवतं, त्यामुळे कच्चा हातही पक्का वाटतो. उलट न दाबलेल्या तारांची कुरकुर मात्र ते मोठी करून दाखवतं. तेव्हा रियाजाचा निम्मा वेळ क्लीनवर घालवा आणि नंतर गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) चढवाल तेव्हा तो गरजेपुरताच चढवा. एसी/डीसी हा रॉक बँड ऐकून लोक नॉब टोकाला नेतात, पण त्यांचा गिटारवादक माल्कम यंगच्या र्‍हिदमचा गेन आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी असायचा. ती जाडी जाड तारांची, ठाम हाताची आणि दोन गिटारी नेमक्या एका क्षणी पडण्याची.

दुसरी चूक बेंडची, म्हणजे दाबलेली तार बाजूला ढकलून स्वर चढवण्याची. माझ्या मते नवख्याची गिटार बेसुरी वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) वाजवा, तो स्वर गुणगुणा. आता सातव्या फ्रेटवर तिसरं बोट ठेवा, मागे पहिली दोन बोटं टेकवा आणि मनगट फिरवून तार ढकला, त्या गुणगुणलेल्या स्वराला भिडेपर्यंत. एकट्या बोटाने ढकललीत तर तार अर्ध्यात थांबते आणि आपल्याला वाटतं पोचलो. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या दिवशी ऐकवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वेगाबद्दल फार बोलायला नको. जिथे अडखळता तो एकच तुकडा, न अडखळता जमेल त्या लयीत, मेट्रोनोमवर. सोलो सुरुवातीपासून पुन्हापुन्हा वाजवण्यात पहिल्या आठ मात्राच घोटून होतात.

गिटार सारखी सुरातून उतरत असेल तर लगेच ट्यूनिंगच्या खुंट्यांना दोष देऊ नका. ट्यून करताना ‘टिंक’ असा आवाज आला, तर तार नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. सुट्या तारा सुरात, पण वरच्या फ्रेटवर बेसूर, असं असेल तर आधी तारा बदला. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ताडून बघा. दाबलेला चढा निघाला तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तारेचं दुसरं टोक जिच्यावर टेकतं ती सरकती घोडी, नटपासून दूर सरकवा, उतरा निघाला तर जवळ आणा. आणि हो, तार गरजेपेक्षा जोरात दाबली तरी स्वर चढतो. अशा वेळी पाना ठेवून द्या, बोट सैल करा.

घरी भारी वाटणारा आवाज बँडमध्ये गायब होतो, ही तक्रार सगळ्यांची. हळू आवाजात कानाला बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे) कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून खोलीत आपण दोन्ही वाढवतो, मिड्स (मधले स्वर) पाडतो. मग बँडमध्ये खालची जागा बास गिटार खाते, वरची झांजा, आणि आपण उरलोच नाही. अँपचा आवाज चढवल्यावर मिड्स परत आणा, एकट्याने ऐकताना ते थोडे नाकात वाजले तरी चालतील.

जाड आवाजाला जाड तारा लागतातच असंही नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमीची उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या मशीनखाली शेंड्याला तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायची तीच बोटं. त्याने हाताने बनवलेल्या टोप्या घातल्या, बारीक तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. ब्लॅक सॅबथचा आवाज पातळ आहे असं कोणी म्हणत नाही.

शेवटची चूक ऐकण्यातली: एकच आवडता गिटारवादक धरून त्याची नक्कल करत बसणं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने त्याच्या आधीच्या पिढीतल्या एरिक क्लॅप्टनचे सोलो स्वरन्‌स्वर बसवले होते, पण तो क्लॅप्टनसारखा वाजला नाही. क्लॅप्टन स्वतः फ्रेडी किंग आणि बी. बी. किंग हे ब्लूज गिटारवादक ऐकत आलेला. तेव्हा तुमचा आवडता वादक कोणाला ऐकायचा ते शोधा आणि तिथून दोन-चार लिक (छोट्या स्वरावळी) उचला. मधूनमधून गिटार सोडून गाण्याची चालच बसवा, आणि गायक जिथे श्वास घेतो तिथे तारेवरून हात उचला.