ईईजी बघायचाय? आधी तीनच चॅनल काढा

ईईजी म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या लहरी; चॅनल म्हणजे एका इलेक्ट्रोडची रेघ. आमच्याकडे प्रोजेक्टला येणारी मुलं ईईजीची फाइल हाती आली की चौसष्टच्या चौसष्ट चॅनल एकदम पडद्यावर ओततात. न विंचरलेल्या केसांसारखा गुंता दिसतो, मग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात. मी म्हणते, तीनच काढा: ओ-१, ओ-झेड आणि ओ-२. डोक्याच्या अगदी मागचे.

सरावाला फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या ऑनलाइन साठ्यातला मोटर इमेजरीचा (हालचाल मनात कल्पण्याच्या प्रयोगांचा) संच घ्या. १०९ माणसं, ६४ चॅनल, सेकंदाला १६० नमुने. प्रत्येकाचं पहिलं रेकॉर्डिंग उघड्या डोळ्यांचं, दुसरं मिटलेल्या डोळ्यांचं, साधारण मिनिटभराचं. हाच संच निवडायचं कारण म्हणजे उत्तर आधीच माहीत आहे. डोळे मिटले की मागच्या चॅनलांत ८ ते १३ हर्ट्झची (सेकंदाला ८ ते १३ वेळा वर-खाली होणारी) अल्फा लहर उठते; ईईजीचे जनक हान्स बर्गर यांनी १९२९ च्या लेखात तिच्याबद्दल लिहिलं होतं. बहुतेकांत ती ढळढळीत दिसते. दोन-तीन जणांच्या फाइली उघडूनही दिसली नाही, तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे.

जुपिटर नोटबुकमध्ये (कोड आणि आलेख एकाच पानावर दाखवणाऱ्या साधनात) एमएनई-पायथन या ईईजीसाठीच्या पायथन लायब्ररीने फाइल वाचा. ‘ओ-१ नावाचं चॅनलच नाही’ अशी एरर आली तर घाबरू नका. या संचात नावांच्या शेपटीला टिंबं चिकटलेली असतात. एमएनईच्या याच संचासाठीच्या विभागात नावं सरळ करणारं ‘स्टँडर्डाइझ’ नावाचं फंक्शन आहे, ते एकदा चालवा.

आता माझी फजिती. पहिल्यांदा मी आकडे काढून स्वतः आलेख रेखला, तर तिन्ही रेघा सपाट. इलेक्ट्रोड निघाला असणार म्हणून अर्धी दुपार घालवली. एमएनई आकडे व्होल्टमध्ये देतं आणि ईईजी असतो दहा-पन्नास मायक्रोव्होल्टांचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांचा! रेघा एकमेकींवर पडू नयेत म्हणून मी प्रत्येकीत शंभर-शंभर मिळवत होते, म्हणजे चक्क शंभर व्होल्ट. आधी दहा लाखांनी गुणा, मग पहिल्या रेघेत शून्य, दुसरीत १००, तिसरीत २०० मिळवा.

त्याआधी १ ते ४० हर्ट्झचा फिल्टर लावा, म्हणजे घामाने वगैरे हळूहळू वर-खाली सरकणारी रेघ जागेवर राहते. ४० च्या वरचंही बघायचं असेल तर विजेची घरघर वेगळी काढावी लागते. मी सवयीने ५० हर्ट्झ टाकलं आणि घरघर जशीच्या तशी. रेकॉर्डिंग अमेरिकेतलं, तिथली वीज ६० हर्ट्झची!

आता स्लायडर. आयपायविजेट्स या नोटबुकात बटणं-पट्ट्या देणाऱ्या लायब्ररीचा स्लायडर घ्या, त्याने खिडकीची (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या तुकड्याची) सुरुवात ठरवा, खिडकी दहा सेकंदांची ठेवा. स्लायडरचं ‘कंटिन्युअस अपडेट’ बंद करा, नाहीतर बोट सरकेल तसतसा आलेख प्रत्येक पायरीला नव्याने काढला जातो आणि नोटबुक धापा टाकायला लागतं. आलेख सरकवता, मोठा करता यावा म्हणून आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचा ‘विजेट’ मोड लावा; त्यासाठी आयपीएमपीएल हे जोड-पॅकेज बसवलेलं हवं.

सगळ्यात महत्त्वाचं, उभा अक्ष बांधून टाका. तो मोकळा सोडला तर प्रत्येक खिडकीत स्वतःला ताणून घेतो, आणि उघड्या डोळ्यांची बारीक थरथरही मिटलेल्या डोळ्यांच्या अल्फाएवढी उंच दिसते. दोन्ही फाइलींना एकच माप द्या. मग मिटलेल्या डोळ्यांच्या फाइलीत खिडकी दोन सेकंदांवर आणा आणि शिखरं मोजा. सेकंदाला दहाच्या आसपास, एकामागून एक. मला अजूनही हे बघायला आवडतं.

एवढं जमलं की खुशाल चौसष्ट काढा. त्यासाठी एमएनईचा स्वतःचा ब्राउझर बरा: बाणाच्या कळांनी पुढे-मागे जायचं, अधिक-उण्याने उंची बदलायची, बिघडलेल्या चॅनलवर क्लिक केलं की ते ‘बॅड’ यादीत जातं. मात्र या ब्राउझरची क्यूटीवाली (नोटबुकाबाहेर वेगळी उघडणारी) खिडकी आपल्याच मशीनवर. नोटबुक दूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर तिथे ती उघडायला पडदाच नसतो. प्लॉटली या दुसऱ्या आलेख-लायब्ररीत सगळं ओताल तर आकडे आलेखासकट नोटबुकमध्ये साठतात. माझी फाइल एवढी फुगली होती की मेलला जोडता येईना. आणि नमुने कमी करायचे म्हणून दर दहावा बिंदू उचलू नका, टोकदार शिखर नेमकं मधल्या नवांत हरवतं. प्रत्येक तुकड्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा ठेवा.

उघड्या डोळ्यांच्या फाइलीत एफपी-१, एफपी-२ या कपाळावरच्या चॅनलांत मोठाले उंचवटे दिसतील. त्या पापण्या. एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना मी हे मोठ्या कौतुकाने दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, हे उलटं का काढलंयस?” दवाखान्यातल्या ईईजीत ऋण बाजू वर असते, त्यामुळे तिथे पापणी लवली की रेघ खाली जाते. तेव्हापासून डॉक्टरांना दाखवायचा आलेख असेल तर उभा अक्ष उलटवते, आणि कुठली बाजू वर आहे ते कोपऱ्यात लिहून ठेवते.