कुरआन वाचताना मद्द किती ओढावा?

मराठी शाळेत शिकलेल्याला मद्द, म्हणजे कुरआन वाचताना स्वर लांबवणं, समजायला सोपा आणि करायला अवघड. सोपा, कारण लघू एक मात्रा, गुरू दोन मात्रा हे आपण वृत्तं शिकताना बोटांवर मोजलेलंच असतं. अवघड, कारण बोलताना ‘इ’ आणि ‘ई’मधला फरक आपण पाळतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी काय ती शुद्धलेखनापुरती. अरबीत मात्र ही चूक थेट अर्थावर जाते. मिरजेत दुकान बंद करून इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर शिकायला बसायचो, तेव्हा हाफिजसाहेबांनी (कुरआन पाठ असलेले आमचे गुरुजी) ‘खलक्ना’वर मला तीनदा थांबवलं. शेवटचा ‘ना’ ओढला तर ‘आम्ही निर्माण केलं’, आणि मी तोडत होतो तसा तोडला तर ‘त्या बायकांनी निर्माण केलं’!

आधी ओढायची अक्षरं ओळखा. तीनच आहेत: जबरनंतरचा (‘अ’ची खूण) अलिफ, पेशनंतरचा (‘उ’ची खूण) जज्मवाला, म्हणजे स्वर नसलेला, वाव आणि जेरनंतरची (‘इ’ची खूण) जज्मवाली ये. ‘नूहीहा’ या एका शब्दात तिन्ही भेटतात. आपल्याकडच्या छपाईत या अक्षरांऐवजी खडा जबर, खडी जेर आणि उलटा पेश या खुणा दिसल्या तरी ओढ तेवढीच. ‘रहमान’मधला ‘मा’ असाच लिहिलेला असतो.

मग मोजणी. मूठ मिटा आणि सावकाश एकेक बोट उघडा. एक बोट म्हणजे एक हरकत. साधा मद्द दोन हरकतींचा, ना कमी ना जास्त. वाचायचा वेग वाढला तर बोटंही त्याच वेगानं उघडतात. हरकत घड्याळावर मोजायची नसते.

दोनपेक्षा जास्त ओढायला कारण लागतं. एक कारण हमजा, म्हणजे घशात आवाज क्षणभर तोडणारं अक्षर. मद्दाच्या अक्षरानंतर त्याच शब्दात हमजा आला, जसा ‘जाअ’मध्ये, तर आपल्याकडे चालणाऱ्या हफ्स या वाचन-परंपरेत चार किंवा पाच हरकती. हा मद्दे मुत्तसिल. हमजा पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असला, जसा ‘इन्ना अअतैनाक’मध्ये, तर मद्दे मुन्फसिल, तोही चार-पाच. चार धरले तर शेवटपर्यंत चारच धरा. एका आयतीत (कुरआनच्या श्लोकात) चार आणि दुसरीत पाच, हे कानाला लगेच कळतं.

दुसरं कारण पुढच्या अक्षरावरचा जज्म किंवा तश्दीद, म्हणजे अक्षर दुप्पट करणारी खूण. सूरह (अध्याय) फातिहाचा शेवटचा शब्द ‘वलद्दाल्लीन’ घ्या. ‘द्दा’नंतरच्या लामवर तश्दीद आहे, म्हणून तिथे सहा हरकती, सवलत नाही. नवशिका इथे चारवरच दमतो, कारण श्वास आधीच्या शब्दांत उधळलेला असतो. त्याच ओळीतल्या ‘गैरिल’च्या आधीच भरून घ्या. याच शब्दाच्या शेवटी ‘लीन’वर थांबलात की दुसरा मद्द लागतो, आरिज. तो दोन, चार किंवा सहा, तुमच्या पसंतीनं. पण याच सूरहच्या ‘आलमीन’ला चार घेतलेत तर ‘नस्तईन’लाही चार.

आमच्या गावात एक धोका जास्त. अब्दुल करीम खाँसाहेबांचं आणि सतार-तंबोऱ्यांचं हे गाव, त्यामुळे सहा हरकतींची मोकळी जागा दिसली की गळा मींड घ्यायला धावतो. मद्द सरळ ठेवा, तारेसारखा, न थरथरता. आणि आवाज नाकात जाऊ देऊ नका. वाचताना नाक चिमटीत धरलं की तो कुठे जातोय ते लगेच समजतं.

ऐकायला इजिप्तचे कारी (कुरआन-पठणकार) महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) घ्या. त्यांचा मद्द बोटांवर मोजता येतो. एक आयत ऐका, मोबाइलवर स्वतःची रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ लावा. तरीही आठवड्यातून एकदा हाफिजसाहेबांना ऐकवाच. आपल्या चुका आपल्या कानाला गोड लागतात.

सरावाला सूरह कुरैश बरी. ‘कुरैश’, ‘सैफ’, ‘बैत’, ‘खौफ’: चारही आयतींच्या शेवटी मद्दे लीन, म्हणजे जबरनंतरच्या जज्मवाल्या वाव किंवा येची ओढ. थांबलात तरच ओढायचं. न थांबता पुढे गेलात तर ‘ऐ’ आणि ‘औ’ मऊ आणि आखूड.