परदेशी मुलांकडे गेल्यावर विनामूल्य योगवर्ग कसा घ्यावा?

सांगली-साताऱ्याकडची बरीच निवृत्त मंडळी वर्षा-दोन वर्षांनी मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जाऊन चार-सहा महिने राहून येतात. त्यांतल्या ज्यांनी इथे वर्षानुवर्षे योगवर्ग घेतले आहेत, त्यांना तिथल्या ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एखादा वर्ग घेता येतो आणि तो त्यांनी घ्यावाच, असे मला मनापासून वाटते. कारण थंडीच्या दिवसांत घराबाहेर न पडणाऱ्या माणसांना तेवढा एक तास फार मोलाचा असतो. मात्र सांगलीत कृष्णेच्या घाटावर पहाटे पन्नास जणांकडून एका सुरात आसने करून घेणे आणि अनोळखी गावातल्या हॉलमध्ये बारा जणांना सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत. लेस्टरला लेकीकडे राहत असताना मी असा वर्ग घेतला. त्या अनुभवावरून आणि ब्रिटनमधल्या नियमांना धरून पुढचे टप्पे सांगत आहे. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी तिथले नियम पाहावेत.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी व्हिसाची अट वाचावी. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारणपणे सहा महिने राहता येते. या मुक्कामात स्वयंसेवा करण्यास परवानगी आहे, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी असावी लागते, एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही आणि प्रवासाचा मुख्य हेतू ती असू शकत नाही. आठवड्याला एक वर्ग धरला तर सहा महिन्यांत २६ वर्ग होतात, दोन धरले की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ओळखीच्या चार घरांतून वर्ग सुरू करण्याऐवजी प्रथम संस्था गाठावी, तिच्याकडून दिवसांचा हिशेब लेखी घ्यावा आणि मानधन कोणी आग्रहाने दिले तरी स्वीकारू नये.

दुसरे काम कागदपत्रांचे. ब्रिटनमध्ये योग शिकवण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. परंतु संस्था आणि विमा देणारी कंपनी प्रशिक्षणाचा पुरावा मागतात. ज्यांच्याकडे कोणतेच प्रमाणपत्र नाही, त्यांनी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाची परीक्षा इथेच देऊन ठेवावी. वर्गात मुले किंवा आजारी, परावलंबी व्यक्ती येणार असतील तर संस्था तुमची पार्श्वभूमी तपासते आणि त्यासाठी भारतातले पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकते. ते पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते; तिकडे गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा इथून घेऊन जाणे कितीतरी सोपे.

तिसरी तयारी भाषेची. व्याख्यान देण्याइतके इंग्रजी येण्याची गरज नाही, परंतु श्वास घ्या, सोडा, गुडघा सैल ठेवा, दुखले तर थांबा, हळूहळू परत या, अशा वीसेक सूचना न अडखळता म्हणता आल्या पाहिजेत. मी त्या आमराईत फिरताना पाठ केल्या होत्या. लेस्टरमध्ये गुजराती वस्ती मोठी असल्याने निम्मा वर्ग हिंदीवर निभावला, तरी उरलेल्या निम्म्यांसाठी ते पाठांतरच उपयोगी पडले.

हॉल पाहताना

वर्गाच्या आदल्या आठवड्यात हॉल स्वतः जाऊन पाहावा. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे दार कुठे आहे, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि हॉल संस्थेच्या विम्यात येतो का, हे विचारून घ्यावे. हॉलचा पूर्ण पत्ता पिनकोडसह एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या जागेजवळ चिकटवावा. कारण रुग्णवाहिकेसाठी ९९९ ला फोन केला की पत्ता लगेच विचारला जातो आणि पाहुण्या माणसाला तो ऐन वेळी आठवत नाही. हात नसलेल्या, न घसरणाऱ्या, पक्क्या खुर्च्या माणशी एक या हिशेबाने मागाव्यात. थंडीमुळे लोक पायमोजे काढायला नाखूश असतात आणि लाकडी जमिनीवर पायमोजा सटकन घसरतो. अनवाणी व्हा किंवा तळव्याला रबर असलेले मोजे आणा, एवढे आधीच कळवून ठेवावे.

वेळ सकाळी अकराच्या आसपासची उत्तम. पहाटेच्या वर्गाचा आग्रह तिथे धरू नये. डिसेंबरात आठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो.

प्रत्यक्ष वर्ग

प्रत्येकाकडून पहिल्या दिवशी एक छोटा अर्ज भरून घ्यावा: रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गुडघा किंवा खुबा बदलला आहे का. हा अर्ज कपाटात ठेवण्यासाठी नसतो, त्यावरून आसने ठरवायची असतात. रक्तदाब असलेल्यांना श्वास रोखायला लावू नये आणि कपालभाती देऊ नये. काचबिंदू असलेल्यांना डोके कमरेखाली जाईल असे काही देऊ नये. हाडे ठिसूळ असलेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणे टाळावे. उपचार सुरू असलेल्यांना डॉक्टरांना विचारून यायला सांगावे आणि योगाने औषध सुटेल असे चुकूनही म्हणू नये.

आता स्पर्शाविषयी, कारण माझी चूक इथेच झाली. आपल्याकडे खांदा वर उचललेला दिसला की शिक्षक मागून जाऊन तो हलकेच दाबतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दुसऱ्याच वर्गात मी सवयीने एका आजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्या एकदम ताठ झाल्या, त्यांचा श्वास थांबला आणि उरलेला तासभर त्यांची मान सैल झाली नाही. वर्ग संपल्यावर मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्या खांद्याचे जुने फ्रॅक्चर असल्याचे त्यांनी सांगितले. अर्जात तो प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी हात लावणे बंद केले. स्वतःचा खांदा वर-खाली करून दाखवते आणि कोणी मागितली तरच, विचारून, मदत करते. त्यासाठी समोर उभे राहून आरशासारखे दाखवण्याचा सराव हवा, म्हणजे ‘उजवा हात’ म्हणताना आपण डावा उचलायचा.

क्रम साधा ठेवावा: दहा मिनिटे सांधे मोकळे करणे, वीस-पंचवीस मिनिटे खुर्चीच्या आधाराने आसने, दहा मिनिटे दीर्घश्वसन किंवा भ्रामरी (भुंग्यासारखे गुणगुणत श्वास सोडणे) आणि शेवटी खुर्चीतच किंवा आडवे होऊन शवासन. सूर्यनमस्काराला लोक हौसेने तयार होतात. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा हिरिरीने प्रसार केला आणि १९३८ मध्ये त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले, हे मी वर्गात सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांना नवल वाटले. तरीही ज्येष्ठांना जमिनीवरचा नमस्कार लगेच देऊ नये. खुर्ची भिंतीला टेकवून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, गुडघे किंचित वाकवत तो करवावा आणि पहिल्या दिवशी तीनच घालावेत.

ओंकार आणि नमस्काराचे मंत्र वगळावेत असे मला वाटत नाही, पण ते लादूही नयेत. अर्थ सांगावा आणि ज्यांना म्हणायचे नसेल त्यांनी शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, असे आधीच स्पष्ट करावे. माझ्या वर्गात दोन चर्चला जाणाऱ्या बाई भ्रामरी आनंदाने करत, ओंकाराच्या वेळी मात्र डोळे मिटून गप्प राहत, आणि त्यात कोणालाच अवघडल्यासारखे होत नसे.

परतण्यापूर्वी

मुक्काम संपायच्या सहा आठवडे आधी वर्गातल्याच दोघींना हाताशी घ्यावे. त्यांच्याकडून आधी सांध्यांचे व्यायाम, मग श्वसन करवून घ्यावे आणि आपण मागच्या खुर्चीत बसून पाहावे. आसनांचा क्रम आणि कोणी काय टाळायचे याची यादी त्यांच्या भाषेत लिहून द्यावी, आरोग्याचे अर्ज संस्थेच्या ताब्यात द्यावेत आणि त्यांची प्रत स्वतःकडे ठेवू नये. आमचा वर्ग आता त्या दोघी चालवतात. फक्त खुर्चीवरची आसने आणि श्वसन घेतात, सूर्यनमस्कारासाठी माझी वाट पाहतात.